सेकंड हँड पण दमदार गाडी, रोजच्या मुंबईसाठी आणि घरच्यांसाठी: कोणती घ्यावी, काय तपासावं?

मुलुंडचा_वाटसरू

नमस्कार मंडळी. घरात आम्ही दोघं, चार आणि नऊ वर्षांची दोन मुलं. आई निम्मा महिना आमच्याकडे असते, तिचे गुडघे दुखतात. रोज मुलुंड ते बीकेसी, जाऊन-येऊन चाळीस-पंचेचाळीस किमी. महिन्यातून दोनदा पुणे किंवा नाशिक. सोसायटीत स्टॅक पार्किंग आहे. बजेट सगळं धरून वीस लाख.

डोक्यात तीन गाड्या आहेत: स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०, फोक्सवॅगन व्हर्टस जीटी १.५ डीएसजी आणि जुनी बीएमडब्ल्यू ३२८आय. गाडी चालवायला मजा आली पाहिजे, पण सोमवारी सकाळी ती गॅरेजात नको. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

तिसरा_गियर

आधी रस्ता बघा, मग हॉर्सपॉवर. कोस्टल रोडला सरळ भागात ताशी ८० ची मर्यादा, सी लिंकवर ८०, अटल सेतूवर १००, पुणे एक्स्प्रेसवेला १०० आणि घाटात ६०. उरलेला वेळ तुम्ही ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये असणार. म्हणजे २३० पीएसची सगळी ताकद तुमच्या पायाखाली दिवसातून काही सेकंदच येणार.

रोजच्या उपयोगाचा आकडा टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या ओढीचा, आणि तो कुठल्या आरपीएमपासून मिळतो त्याचा. व्हीआरएसला ३५० न्यूटन मीटर, तोही दीड हजार आरपीएमपासून. व्हर्टस जीटीला १५० पीएस आणि २५० न्यूटन मीटर, १६०० पासून. दोन्ही गाड्या शहरात आळशी वाटत नाहीत. फरक कळतो तो चार माणसं, भरलेली डिकी आणि बोरघाटाचा चढ असताना.

तेव्हा ब्रेक, सस्पेन्शन, गियरबॉक्स, आणि मग इंजिन, या क्रमाने विचार करा. विकणारे बरोबर उलट्या क्रमाने सांगतात.

गियरबॉक्स_आधी

वरच्याला +१, आणि गियरबॉक्सबद्दल सविस्तर लिहितो, कारण मुंबईत या गाड्यांचा खर्च तिथेच निघतो.

"डीएसजी" (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) हा एकच गियरबॉक्स नाही. व्हर्टस जीटी, तिची जुळी स्कोडा स्लाव्हिया १.५, जुनी पोलो जीटी टीएसआय, ऑक्टाव्हिया १.८ या सगळ्यांत डीक्यू२०० आहे: सात गियर, दोन कोरडे क्लच. व्हीआरएस २३० मध्ये डीक्यू२५० आहे: सहा गियर, क्लच तेलात बुडालेले. पुढे आलेल्या व्हीआरएस २४५ मध्ये सात गियरचा डीक्यू३८१, तोही तेलातला.

कोरड्या क्लचची उष्णता बाहेर काढायला तेल नसतं, फक्त हवा असते. सायन सर्कलपाशी गाडी मुंगीच्या गतीने पुढे सरकते तेव्हा क्लच अर्धवट पकडलेला राहतो, घासतो, तापतो. तसं रोज तासभर झालं की पहिला-दुसरा गियर बदलताना थरथर सुरू होते. दुसरा आजार मेकाट्रॉनिकचा, म्हणजे गियर बदलणाऱ्या कंट्रोल युनिटचा. गियर बदलण्यासाठी लागणारा तेलाचा दाब ज्या भागात साठतो, तिथलं ॲल्युमिनियमचं घर तडकतं आणि दाब टिकत नाही. स्क्रीनवर पान्याचं चिन्ह येतं, गियरचं अक्षर लुकलुकतं, कधी विषम तर कधी सम गियर गायब. स्कॅनरवर पी१७बीएफ हा कोड दिसला की समजून जा. खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो.

डीक्यू२०० वाईट आहे असं म्हणत नाही. नीट चालवला तर टिकतो. पुढच्या गाडीला चिकटून सरकत राहू नका, दीड गाडीची जागा मोकळी होऊ द्या आणि मग ब्रेक पूर्ण सोडून पुढे जा. थांबलात की ब्रेक पूर्ण दाबा, म्हणजे क्लच सुटतो. अर्धा ब्रेक दाबून गाडी रांगवणं हे त्याचं विष. पण सेकंड हँड गाडीत अडचण ही की आधीच्या ड्रायव्हरचा पाय कसा होता ते तुम्हाला माहीत नसतं.

आणखी एक आकडा लक्षात ठेवा. डीक्यू२०० ची क्षमता २५० न्यूटन मीटर. व्हर्टसच्या १.५ टीएसआय इंजिनाचा टॉर्क नेमका २५०. म्हणजे रिमॅप केलेल्या (सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेल्या) गाडीत क्लचवर क्षमतेपेक्षा जास्त जोर येतो, पहिल्या दिवसापासून. अशी गाडी कितीही स्वस्त असो, घरच्यांसाठी घेऊ नका.

डीक्यू२५० तुलनेने कणखर आहे, पण त्याला तेल लागतं: दर ६०,००० किमीला साधारण सव्वापाच लिटर, फिल्टरसह. पातळी तपासायची ती इंजिन चालू ठेवून, गियरबॉक्सचं तेल ३५ ते ४५ अंश असताना. थंड तेलावर किंवा अंदाजाने भरणाऱ्या गॅरेजकडे हे काम देऊ नये. "हे लाइफटाइम ऑइल आहे" असं विक्रेता म्हणाला तर ते कधी बदललेलंच नाही.

साधाच_बरा

मग डीएसजी हवाच कशाला? स्लाव्हिया १.५ मॅन्युअलमध्ये मिळते. तेच इंजिन, तोच टॉर्क, क्लच प्लेट जाईल तेव्हा कुठल्याही चांगल्या गॅरेजात बदलून मिळते.

तिसरा_गियर

मुलुंड-बीकेसी रोज क्लच दाबायचा असेल तर डावा गुडघा आईच्या पंगतीला जाऊन बसेल, याचाही विचार व्हावा. ऑटोमॅटिकच हवी आणि डीएसजी नको, तर टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा जुना प्रकार). बीएमडब्ल्यूचा झेडएफ आठ गियरचा बॉक्स ट्रॅफिकमध्ये फार शांत आणि टिकाऊ आहे. पण ३२८आय मध्ये एन२० इंजिन आहे, आणि त्याच्या टायमिंग चेनचे प्लास्टिक गाइड झिजून तुटतात. तुकडे खाली ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात, तेलाचा दाब पडतो, इंजिन जातं. ते गाइड बदलल्याची पावती नसेल तर ती गाडी यादीतून काढा. शिवाय रनफ्लॅट (पंक्चर झाले तरी काही अंतर चालणारे) टायर. बाजूची भिंत कडक असल्याने पेव्हर ब्लॉकवर मागच्या सीटवरच्या माणसाला प्रत्येक फट कळते.

१.० टीएसआय सहा गियर टॉर्क कन्व्हर्टरची स्लाव्हिया-व्हर्टसही आहे, ११५ पीएस. तिला दमदार म्हणणार नाही, पण शहरात तिची तक्रार फारशी नसते.

मागची_सीट

कोणी मागे बसणाऱ्यांबद्दल बोललंच नाही, म्हणून लिहिते.

आईंना गाडी दाखवायला घेऊन जा. ऑक्टाव्हियात खाली उतरून बसावं लागतं आणि उठताना गुडघ्यावर भार येतो. व्हीआरएस तर साध्या ऑक्टाव्हियापेक्षाही खाली बसते. त्यांना पुढच्या सीटवर बसवून सीट पूर्ण वर घेतली तर बराच फरक पडतो. मागे दोन मुलं: चार वर्षांच्या मुलाची सीट आयसोफिक्सवर (गाडीच्या सीटमधल्या पक्क्या हुकांवर), वरचा टेदर पट्टा लावून; नऊ वर्षांच्या मुलाला बूस्टर, किमान १३५ सेमी उंची होईपर्यंत. आपली चाइल्ड सीट सोबत नेऊन शोरूमपाशीच बसवून बघा. हुक सीटच्या फोममध्ये किती खोल आहेत ते कागदावर कळत नाही. मधल्या जागी मोठं माणूस बसणार नाही, ऑक्टाव्हियाचा मधला उंचवटा पाय ठेवू देत नाही.

डिकी मात्र ५९० लिटर. बाबागाडी, दोन बॅगा आणि आईंचा कमोडचा स्टूल सहज मावतो. व्हर्टस-स्लाव्हियाला ५२१, तीही कमी नाही. या दोघींना २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत पाच तारे मिळाले आहेत, मोठ्यांसाठी आणि मुलांसाठीही.

पोलो जीटीआय कोणी सुचवलीच तर: तीन दारांची आहे. चाइल्ड सीट असलेल्या घराने तिच्याकडे बघू नये.

स्टॅक पार्किंगचं वेगळं सांगते. ट्रेची आतली रुंदी, उंची आणि किती किलोपर्यंत चालते हे सोसायटीच्या पाटीवर लिहिलेलं असतं, तो फोटो खिशात ठेवा. ट्रेच्या लोखंडी कडेला कमी उंचीच्या टायरचे अलॉय घासतात. पोडियमच्या रॅम्पवर पुढचा बंपर घासतो का, हे विक्रेत्याची गाडी आणून चार माणसं बसवून पाहणं शक्य असेल तर जरूर पाहा.

मुलुंडचा_वाटसरू

खूप आभार. एक गाडी सापडली आहे. व्हीआरएस २३०, २०१७ ची, एमएच १२ पासिंग, दुसरा मालक, मीटरवर ५८,२०० किमी. साडेअठरा लाख मागतो आहे. दिसायला एकदम चकाचक. शनिवारी बघायला जाणार आहे. नेमकं काय काय बघू?

लिफ्टवर_चढवा

विक्रेत्याला सांगून ठेवा की गाडी सकाळपासून चालू करू नकोस. पोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन पहिल्या दहा सेकंदांत जे बोलतं ते नंतर बोलत नाही.

चालू केल्यावर दोन-तीन सेकंदांहून जास्त चेनचा खडखडाट नको. सायलेन्सरमधून निळसर धूर नको. इंजिन हलकंसं अडखळत असेल तर व्हॉल्व्हवर कार्बन साचलेला असू शकतो. फक्त डायरेक्ट इंजेक्शन असलेल्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हवरून जातच नाही, त्यामुळे ते धुतले जात नाहीत. साठ-ऐंशी हजारांच्या दरम्यान अक्रोडाच्या टरफलांच्या भुशाचा मारा करून ते साफ करावे लागतात.

इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडा. प्रचंड ओढ लागून झाकण निघत नसेल किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल तर पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत ओढणाऱ्या व्हॉल्व्हचा) पडदा फाटलाय. तो भाग लहान आहे, बदलता येतो, पण भावात धरा.

कूलंट गुलाबी असायला हवं आणि पातळी खुणांच्या मध्ये. हिरवं दिसलं तर कोणीतरी साधं कूलंट ओतलंय. या इंजिनात वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं एकत्र प्लास्टिकचं घर असतं, ते गळतं. टॉर्च लावून इनटेक मॅनिफोल्डच्या खाली बघा, सुकलेली गुलाबी पापडी दिसते. बदलायचं तर अख्खं युनिट आणि त्याचा छोटा पट्टा एकदमच.

मग लिफ्टवर. लोअर आर्मचे बुश चिरलेत का, लिंक रॉडला खेळ आहे का, शॉकॲब्सॉर्बरवर तेल ओघळलंय का. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चारही चाकं आतल्या बाजूने हात फिरवून बघा, खड्ड्यात आपटलेल्या अलॉयचा बाक आतल्या कडेलाच असतो. ब्रेक डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते, कॅलिपरने मोजा.

पत्र्यासाठी रंगाची जाडी मोजायचं यंत्र भाड्याने मिळतं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास. एका पॅनेलवर ३०० च्या वर गेला तर खाली पुटी आहे. दार-बंपर रंगवलेले चालतील, मुंबई-पुण्यात ते होतंच. छप्पर आणि दारांच्या मधला खांब रंगवलेला असेल तर परत या.

गाडी चालवताना: चढावर थांबून पुढे काढा, रिव्हर्समध्ये चढवा, दुसऱ्यातून पहिल्यात येताना धक्का बसतो का बघा. डी वरून आर ला जाताना एकच जाड धप्प आवाज आला तर बहुधा गियरबॉक्स नाही, इंजिनच्या खालच्या माउंटचा बुश गेलाय, स्वस्त काम. न्यूट्रलमध्ये खडखड आणि बंद करताना झटका असेल तर ड्युअल मास फ्लायव्हील, महाग काम.

हिंदमाता_लाइन

सकाळच्या यादीत पाण्याची भर घाला. गाडी पुण्याची असली तरी कुठल्या पावसात उभी होती ते पासिंगवरून कळत नाही.

सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, शेवटच्या फुटावर पाण्याची रेघ किंवा चिखलाचा वास राहतो. स्टेपनी काढून खालच्या खळग्याच्या कोपऱ्यात बोट फिरवा. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का? ड्रायव्हरच्या पायाजवळचं कार्पेट उचलून खालचा फोम दाबा. वायरिंगच्या कनेक्टरमध्ये हिरवट पूड दिसली तर पुढे काहीही विचारू नका. पॉलिश केलेली गाडी आतून सुकायला महिने लागतात, पण कनेक्टर कोणी पुसत नाही.

आणि गाडी घेतल्यावर: अंधेरी किंवा मिलन सबवेत, गांधी मार्केटपाशी पाणी चाकाच्या मध्यापर्यंत दिसलं की वळा. पाण्यात बंद पडली तर पुन्हा चालू करायची नाही, कितीही लोक मागून हॉर्न देवोत. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. चावी न फिरवता टो करून नेली तर गाडी बरेचदा वाचते. इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर घ्याच.

कागद_पूर्ण

एमएच १२ वरून मुंबईत आणताना पुन्हा रोड टॅक्स नाही, नंबरही तोच राहतो. दुसऱ्या राज्याची असती तर फॉर्म २८ ची एनओसी आणि इथला कर, शिवाय तिथला परतावा मिळवायची धावपळ. म्हणून दिल्लीची स्वस्त गाडी स्वस्त राहत नाही.

ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ दोन प्रतींत आणि फॉर्म ३०. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. तो उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. कंपनीच्या नावावर असेल तर कंपनीचं अधिकृत पत्र. ई-चलानं विक्रेत्याकडून भरून घ्या. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची आहे, तेव्हा एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट बसवली आहे का तेही बघा.

विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायचा. एनसीबी (नो क्लेम बोनस) विक्रेत्याचा असतो, गाडीचा नाही. तुमच्या नावावर पॉलिसी येताना ती सवलत जाते आणि फरक भरावा लागतो. विक्रेत्याकडून क्लेमचा इतिहास मागवा. मोठा क्लेम असेल तर पत्र्यावरचे मायक्रॉन आणि क्लेमची तारीख जुळवून बघा.

गियरबॉक्स_आधी

एक राहिलं. शनिवारी व्हीसीडीएस किंवा ओबीडी-इलेव्हन स्कॅनर असलेला माणूस सोबत न्या. फक्त इंजिन नव्हे, सगळ्या मॉड्यूलचा स्कॅन. जुना फॉल्ट नोंदवताना मॉड्यूल त्या वेळचं किमीही लिहून ठेवतं. आणि सर्व्हिस सेंटरला टीडी१ ची नोंद आहे का विचारा. ती असेल तर कधीतरी ईसीयूचं (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं) सॉफ्टवेअर बदललेलं पकडलं गेलंय.

मुलुंडचा_वाटसरू

जाऊन आलो. इंजिन थंड होतं, आवाज स्वच्छ. पीसीव्ही ठीक. कूलंट गुलाबी, पापडी नाही. टायर २०१९ चे. पुढच्या डाव्या फेंडरवर २८० मायक्रॉन, बाकी सगळं १३० च्या आसपास. डीएसजी तेल बदलल्याची पावती नाही. बोजा उतरलेला आहे.

स्कॅनमध्ये चालू फॉल्ट एकही नाही. पण एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये एक जुनी, अधूनमधून येणारी नोंद आहे: सीटखालच्या कनेक्टरची. तिच्यासमोर ७१,३१४ किमी लिहिलंय. मीटरवर ५८,२०० आहे. स्कॅन करणारा म्हणाला, असं कधी कधी होतं.

गियरबॉक्स_आधी

असं होत नाही. ती नोंद मीटरवरचा आकडा बघूनच लिहिली जाते. मीटर कधीतरी ७१,३१४ दाखवत होतं, त्यानंतर मागे केलंय. आणि किती मागे, हे कोणालाच सांगता येणार नाही. ७१ हा किमान आकडा आहे. म्हणजे ६०,००० चं डीएसजी तेलही हुकलंय, पावती नाही ती त्यामुळेच. विक्रेता दुसरा मालक आहे, कदाचित त्यालाही ठाऊक नसेल, पण गाडी सोडा.

लिफ्टवर_चढवा

सहमत. टायरचे पन्नास-साठ हजार, डीएसजी सर्व्हिसचे वीस-पंचवीस हजार, हे भावातून कापून घेता आलं असतं. अज्ञात किमीची किंमत कापता येत नाही.

मुलुंडचा_वाटसरू

सोडली. वाईट वाटतंय, कारण चालवायला फार सुंदर होती. आईही पुढच्या सीटवर आरामात बसली. आता २०२३ ची व्हर्टस जीटी डीएसजी बघतोय, पहिला मालक, एमएच ०३, २२,००० किमी.

गियरबॉक्स_आधी

तिची कंपनीची वॉरंटी ४ वर्षं किंवा १ लाख किमी, तेव्हा कधी संपते ते आधी बघा आणि वाढवता येते का विचारा. डीक्यू२०० असताना वाढीव वॉरंटी हाच तुमचा मेकाट्रॉनिकचा विमा. टीडी१ ची नोंद असेल तर ती वॉरंटी नाकारली जाते, म्हणून सर्व्हिस सेंटरमधून व्हीआयएनवर (चासी नंबरवर) लेखी खात्री घ्या. सर्व मॉड्यूलचा स्कॅन पुन्हा, किमीसकट.

ट्रॅफिकमध्ये चालवून बघा, मोकळ्या रस्त्यावर नको. संध्याकाळी साडेसहाला ऐरोली पुलाकडे चाळीस मिनिटं रांगेत राहा. क्लच तापल्यावर पहिल्या-दुसऱ्याची थरथर आली तर ती तेव्हाच येईल.

मागची_सीट

व्हर्टसला मागे डिस्क ब्रेक नाहीत, ड्रम आहेत. घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून न उतरता स्टीअरिंगमागच्या पॅडलने खालचा गियर घ्या. आणि आईंना नेऊन बसवा पुन्हा. व्हर्टसचं दार ऑक्टाव्हियासारखं उघडत नाही.

मुलुंडचा_वाटसरू

बुधवारी संध्याकाळी सहाला ठरवलंय, विक्रेता ऐरोलीपर्यंत यायला तयार आहे. चाइल्ड सीट, मायक्रॉनचं यंत्र आणि स्कॅनर सोबत. आकडे इथेच टाकतो.